आयटी निर्देशांक फंड घ्यावा की लहान कंपन्यांचा?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): कापसाचे चुकारे हाती आले असून, बियाणे-खताचा खर्च बाजूला काढल्यावर दरमहा 2,000 रुपयांची एसआयपी (फंडात नियमित ठरावीक गुंतवणूक) दहा वर्षे चालवता येईल असे दिसते. निफ्टी आयटी की निफ्टी स्मॉलकॅप 250, यांपैकी कोणता निर्देशांक फंड (निर्देशांकातील कंपन्यांतच त्याच प्रमाणात पैसे घालणारा फंड) निवडावा?

उत्तर (पुसद): निफ्टी आयटीमध्ये केवळ 10 कंपन्या असतात आणि त्यातही इन्फोसिस व टीसीएस यांचा वाटा मोठा आहे. त्यांची बरीचशी कमाई अमेरिकेतून येत असल्याने तिकडच्या ग्राहकांनी हात आखडता घेतला की आपला फंडही खाली येतो. माझ्या मते हे साऱ्या वावरात एकच पीक घेण्यासारखे आहे.

उत्तर (आर्वी): स्मॉलकॅप 250 मध्ये निफ्टी 500 या 500 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातील, बाजारमूल्यानुसार 251 ते 500 क्रमांकांच्या, निरनिराळ्या क्षेत्रांतील कंपन्या असतात, म्हणून मीही तोच घेतला होता. मात्र जानेवारी 2018 नंतर मार्च 2020 पर्यंत तो निर्देशांक निम्म्याहून खाली आला आणि मुलीच्या प्रवेशासाठी मला तोट्यात युनिट (फंडातले माझे हिस्से) विकावे लागले. दादा, पेरणीचा पैसा यात मुळीच घालू नका.

प्रश्नकर्ता: पेरणीची रक्कम बँकेतच राहील. स्मॉलकॅप 250 मध्ये 1,000 रुपयांनी सुरुवात करतो. उरलेले निफ्टी 50 या 50 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांक फंडामध्ये घालीन.