इंजिनिअरिंग अकादम्यांचं आंतरराष्ट्रीय सहकार्य: खरंच काही काम होतं का?

चॉकपावडर
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. १५ सप्टेंबरला अभियंता दिन, दरवर्षीचं ठरलेलं, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, पेढा आणि घरी. यंदा प्राचार्यांच्या डोक्यात आलंय की काहीतरी ग्लोबल पाहिजे आणि विषय माझ्या गळ्यात मारलाय: देशोदेशीच्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग अकादम्या एकमेकींशी सहकार्य कसं करतात. चार दिवस नेट चाळतोय, हाती लागले ते सूटबूटवाल्यांचे ग्रुप फोटो आणि 'शाश्वत विकास' हा शब्द पानोपानी. मागच्या बाकावरची पोरं झोपणार हे आत्ताच लिहून देतो. ह्यातून काही काम होतं का, की नुसत्याच परिषदा? आणि स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतोय हेच ते वॉशिंग्टन अकॉर्ड. तसं आहे का?

कॉफीवर_जिवंत
नाही हो सर, ते वेगळं. वॉशिंग्टन अकॉर्ड १९८९चा, डिग्रीच्या मान्यतेचा करार, आपण २०१४ला त्यात पूर्ण सभासद झालो, एनबीएमार्फत, म्हणजे कॉलेजातले कोर्स तपासून मान्यता देणारी आपली संस्था. म्हणजे तुमच्या कॉलेजात फायलींचे गठ्ठे तयार करायला लावतात ना, ते प्रकरण. अकादमी म्हणजे निवडून घेतलेल्या इंजिनिअर लोकांची संस्था. परीक्षा नाही, लायसन्स नाही, फी भरून मेंबर होता येत नाही, आत असलेले लोकच नवीन लोक निवडतात. मुख्य काम सल्ला देणं.

मी स्टॉकहोमला असतो म्हणून इथलं माहितीय, ह्यातली सगळ्यात जुनी अकादमी इथलीच, १९१९ची. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा कोळसा अडला, स्वीडनकडे स्वतःचा कोळसा जवळपास नाहीच, थंडी तर तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे ह्यांचं सुरुवातीचं डोकं सगळं जळणात आणि ऊर्जेत. पोटाला चिमटा बसला म्हणून अकादमी निघाली असं म्हटलं तरी चालेल.

अमेरिकेची १९६४ची, ब्रिटनची १९७६ची. मग १९७८ला अमेरिका, ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको अशा पाच अकादम्यांनी मिळून एक परिषद काढली, सीएईटीएस नावाची. मेक्सिको बघून मलाही गंमत वाटली होती, जर्मनी-जपानच्या आधी. आता ३०च्या वर देश आहेत. एका देशाची एकच अकादमी घेतात. आपली भारतीय अकादमी १९८७ची, परिषदेत गेली १९९९ला.

निवृत्त_डेप्युटी
मास्तर, तुम्हाला आलेली शंका रास्त आहे. मी जलसंपदामधून रिटायर झालो, असल्या परिषदांना दोनचारदा मागच्या रांगेत बसलोय. उद्घाटन, शाल, नारळ, 'आव्हाने आणि संधी', जेवणात पनीर, शेवटी एक निवेदन वाचतात ज्यावर जगातला कुठलाच माणूस हरकत घेणार नाही. पाणी स्वच्छ असावं, वीज स्वस्त असावी. बरं मग? सीएईटीएसची वार्षिक बैठक २०१५ला दिल्लीत झाली, ऊर्जा, वाहतूक आणि आरोग्यसेवा ह्यांवर. माझ्या ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. अकादमीकडे ना बजेट ना अधिकार, शासनाने ऐकलं तर ऐकलं.

माणसं मोठी असतात ह्याबद्दल वाद नाही. १९९९-२०००ला आपल्या अकादमीचे अध्यक्ष काकोडकर होते. माशेलकरांना २००३ला अमेरिकन अकादमीने परदेशी सदस्य म्हणून घेतलं. पण एखाद्याला सन्मान मिळणं वेगळं आणि दोन देशांनी मिळून काम करणं वेगळं. तुमचे प्राचार्य पहिल्यालाच सहकार्य समजतायत असं दिसतंय.

कोळशाची_पोर
काका, परिषदांबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य, पण दोन अकादम्या मिळून एकच प्रश्न हातात घेतात तेव्हा गोष्ट बदलते. मी चंद्रपूरला हवेचे नमुने घेते, फिल्टर पेपर सकाळी पांढरा लावायचा आणि काढताना काळा, रोजचं काम. त्यामुळे हा एक अहवाल मी मन लावून वाचलाय.

अमेरिका आणि चीनच्या इंजिनिअरिंग अकादम्या, सोबत दोन्हीकडच्या विज्ञानवाल्या संस्था, ह्यांनी ऊर्जा आणि शहरातली हवा ह्यावर एकत्र अभ्यास केला, २००८चा आहे. मोघम जगावर नाही हं, चार शहरं घेतली. अमेरिकेतली पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिस, चीनमधली ह्वायनान आणि दालियान. ह्वायनान म्हणजे कोळशाच्या खाणी आणि खाणीला लागूनच वीज केंद्रं, बाप्पा आमचंच गाव की! दालियान बंदराचं शहर.

आता पिट्सबर्ग का, तर १९४०च्या दशकात तिथं धुरामुळे भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावायला लागायचे. धूरबंदीचा कायदा १९४१ला झाला, पण युद्ध मध्ये आलं आणि अंमल सुरू व्हायला १९४६ उजाडलं. नुसत्या कारखान्यांवर भागलं नाही, घराघरातल्या कोळशाच्या शेगड्या जाऊन गॅस आला तेव्हा आकाश दिसायला लागलं.

लॉस एंजेलिसचं तर अजून भारी. १९४३ला डोळे चुरचुरणारं धुकं आलं, लोकांनी कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर बोट ठेवलं, कारखाना बंद पाडला, धुकं जागच्या जागी. मग हागेन-स्मिट नावाचे केमिस्ट, जे त्याआधी अननसाच्या वासावर काम करत होते, त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांचा आणि रिफायनरीचा धूर उन्हात शिजतो आणि त्यातून ओझोन तयार होतो. म्हणजे डोळ्याला दिसणारी चिमणी हाच चोर असेल असं नाही. आमच्याकडे अजूनही सगळे एकाच चिमणीकडे बोट दाखवून मोकळे होतात.

आणि दोन सरकारं समोरासमोर बसली की कोण कुणामुळे जास्त प्रदूषण ह्यावर गाडी जाते. अकादमीची माणसं बसली की जरा तरी आकड्यांवर बोलतात, आपल्या गावातलं काय चुकलं तेही सांगतात. मला सहकार्य म्हणून एवढंच दिसतं, पण ते कमी नाही.

निवृत्त_डेप्युटी
हे मला ठाऊक नव्हतं. पटलं. पण अहवालानंतर ह्वायनानची हवा सुधारली का?

कोळशाची_पोर
काका, ते श्रेय मी अहवालाला नाही देणार. सल्ला आणि अंमल ह्यात केवढी दरी राहते ते तुम्ही जलसंपदामध्ये माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल 😄

कॉफीवर_जिवंत
सर, पोरांसाठी अजून एक. अमेरिकन अकादमीने १९९५ला तरुण इंजिनिअर लोकांचा एक उपक्रम चालू केला, फ्रंटियर्स ऑफ इंजिनिअरिंग. मग तोच दुसऱ्या देशांबरोबर, जर्मनी १९९८, जपान २०००, आणि भारताबरोबरचा पहिला २००६ला आग्र्याला. पंचेचाळिशीच्या आतले लोक, दोन्ही देशांचे साधारण निम्मे-निम्मे, आणि मुद्दाम वेगवेगळ्या शाखांचे. बॅटरीवाल्याने पूलवाल्याला कळेल असं बोलायचं. पीएचडीनंतर आपण आपल्या बिळातून बाहेरच येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. तिथं निवेदन वगैरे काही नसतं, दोन-अडीच दिवस गप्पा आणि ओळखी.

चॉकपावडर
खूप आभार सगळ्यांचे, खास करून ताईंचे. स्थापना वर्षांची स्लाइड एकच ठेवतो, प्राचार्य पहिल्या रांगेत असणार म्हणून. बाकी वेळ चार शहरं. भर दुपारी दिवे लागलेल्या पिट्सबर्गचा फोटो शोधतो, पहिलाच तो लावायचा आणि पोरांना विचारायचं, सांगा किती वाजलेत. ताई, तुमचा तो काळा फिल्टर पेपर एखादा टाकून द्यायचा असेल तर पोस्टाने पाठवता येईल का? पोरांच्या हातात द्यायचाय.

कोळशाची_पोर
नमुन्याचा देता येत नाही सर, वजन करून रेकॉर्डला ठेवावा लागते. पण कोरा एक माझ्या घराच्या गच्चीवर आठ दिवस ठेवते आणि तो पाठवते. पत्ता मेसेज करा.