रविवारी सुरमईचं जेवण आणि बिनदुधाचं फळांचं गोड: बेत तपासून द्या

चिंचोका:
रविवारी चौघांचं जेवण आहे. सुरमईचं कालवण, तळलेली सुरमई, भात आणि शेवटी फळांचं काहीतरी गोड. मासळी किती घ्यायची? तळताना रवा तव्यालाच चिकटून राहतो आणि तुकडी नागडी वर येते, ते का? गोडात दूध नको, दोघं मासळीवर दूध घेत नाहीत. म्हणजे शिकरण आणि फ्रूट सॅलड बाद. गॅस दोन बर्नरचा, मिक्सर एकच.

खापरीतवा:
सव्वा ते दीड किलोची अख्खी सुरमई घ्या, मासळीबाजार दादरचा असो की सिटीलाइटचा. डोळा फुगीर, कल्ला उघडल्यावर आत लाल, आणि बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. कापायला देतानाच मासळीवाल्या मावशींना सांगा: मधल्या तुकड्या अर्ध्या इंचाच्या, तळायला, डोकं आणि शेपटाकडचं कालवणाला. पाऊण इंचाची तुकडी बाहेरून करपते आणि काट्यापाशी कच्ची राहते.

रवा सुटतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. मीठ, हळद, लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की तुकडीला पाणी सुटतं. ते ओतून टाका, तुकड्या चाळणीत निथळा, मगच आलं-लसूण आणि तिखटाचा हात फिरवा. मसाला पातळ थराचा हवा, लिंपण नको. तीन भाग बारीक रवा, एक भाग तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ. यात घोळवून लगेच तव्यावर. आधीच घोळवून फ्रिजमध्ये ठेवलं तर रवा ओलावा पितो आणि सगळी मेहनत पाण्यात.

तवा बिडाचा असला तर उत्तम. तेल तापल्यावर एका वेळी तीनच तुकड्या. मध्यम आचेवर चार मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू खरपूस झाली की ती आपोआप तवा सोडते. उलथन्याला अडली तर अजून वेळ आहे, खरवडू नका. उलटायचं एकदाच.

सोलकढी_वाटीभर:
तळणाशी सहमत, फक्त रवा नको. सुरमईला नुसतं तांदळाचं पीठ. रव्याने माशाची चव झाकली जाते. (हा वाद इथे मिटणार नाही, माहीत आहे.)

कालवण: अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, भिजवलेल्या सहा-सात ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, चार मिरी, पाच लसूण पाकळ्या, अर्धा चमचा हळद. अगदी गंधासारखं वाटा. भरड राहिलं तर रस्सा चोथापाणी होतो. दोन चमचे तेलात थोडा कांदा, त्यावर वाटण, दोन-अडीच वाट्या पाणी, मीठ, पाच-सहा आमसुलं. उकळी आली की आधी डोकं, चार मिनिटांनी शेपटाचे तुकडे, आणखी पाच-सहा मिनिटं मंद आच. डाव घालू नका, पातेलं कडेने धरून हलवा. तिरफळ बांगड्याला ठेवा, इथे नको.

वेलचीकेळं:
गोडाला केळी आणि नारळाचा रस. शिरवाळ्यांसोबत असतो तसाच गोड रस, फक्त शेवयांऐवजी फळ.

एक नारळ खवून अर्धी वाटी कोमट पाण्यात वाटा, पिळा: हा जाड रस. त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पुन्हा वाटून पिळा: हा पातळ. पातळ रसात अर्धी वाटी चिरलेला गूळ मंद आचेवर विरघळवा आणि गाळा, गुळात कचरा असतोच. पूर्ण गार झाल्यावर जाड रस, वेलचीपूड, मिठाचे चार कण. जाड रस उकळलात तर फुटतो, वर तेल तरंगतं. आठ वेलची केळी वाढायच्या वेळीच चकत्या करून घाला. आधी चिरलेली काळी पडतात आणि रस बुळबुळीत होतो. हंगाम असेल तर हापूसच्या फोडी याहून सरस. कच्चा अननस मात्र नको, रस कडवट होतो.

मिक्सर एकच आहे ना? मग हा रस आधी काढा, कालवणाचं वाटण नंतर. लसणीचा वास भांड्याच्या रबरात बसतो आणि कितीही घासलं तरी गोडात उतरतो.

चिंचोका:
हे लक्षातच आलं नव्हतं. मग क्रम असा: सकाळी नारळाचा रस, मग वाटण. तळण कालवणाआधी की नंतर?

खापरीतवा:
नंतर. कालवण मुरलं की चांगलंच लागतं, ते तासभर आधी होऊ दे. भात एका बर्नरवर, तवा दुसऱ्यावर, आणि पानं मांडायला लागल्यावर पहिल्या तीन तुकड्या टाका. तळलेल्यांवर झाकण ठेवू नका, वाफेने मऊ पडतात, जाळीवर काढा.

१ जून ते ३१ जुलै दरम्यानचा रविवार असेल तर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, सुरमई बहुधा बर्फातलीच मिळेल. तिचा बर्फ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू द्या आणि दुप्पट वेळ निथळा.