मॉर्फिन सुरू, पाच दिवस पोट साफ नाही, नळीही तुंबली

चिखलीची सून
सासरे (मामा) ७१ वर्षांचे. गालाचा कॅन्सर, आता फक्त त्रास कमी करणारे उपचार. नाकातून नळी आहे. मॉर्फिनची १० मिलीग्रॅमची साधी गोळी दर चार तासांनी कुटून देतो. दुखणं आटोक्यात आहे, पण पाच दिवस संडास नाही, आणि कालपासून डायपरमध्ये पातळ पाणी येतंय. इसबगोल दिलं तर नळीच तुंबली. नणंदा म्हणतात, "गोळीचा नाद लागंल, दुखंल तेव्हाच द्या." मामांना पांढरा रस्सा फार आवडतो, तो गाळून नळीतून चालेल का?

सिस्टर_कागल
ताई, ते पातळ पाणी म्हणजे जुलाब नव्हे. आत बहुतेक वाळलेल्या मळाचा खडा अडकलाय आणि त्याच्या कडेनं पाणी वाट काढतंय. इथंच घरचे चुकतात: जुलाब समजून पोट साफ करणारं औषध बंद करतात आणि खडा आणखी घट्ट होतो.

मॉर्फिन आतड्याची हालचालच मंद करतं, आणि मळमळ चार-पाच दिवसांत ओसरली तरी हा त्रास ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून रेचक लागतंच. इसबगोल इथं उलटं काम करतं. पाणी कमी पडलं की ते आतच फुगून बसतं. डॉक्टरांना विचारून मळ मऊ करणारं लॅक्टुलोज १५ ते ३० मिली आणि सोबत आतड्याला चालना देणारं पातळ औषध घ्या, म्हणजे सोडियम पिकोसल्फेट. बिसाकोडिल हेही चालना देणारंच औषध, पण त्याच्या गोळीवर आवरण असतं, ती कुटून नळीतून देऊ नका.

आधी नर्सकडून बोटानं तपासून घ्या. खालीच खडा लागला तर ग्लिसरीन आणि बिसाकोडिल, दोन्ही सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची कांडी). ग्लिसरीनची खड्यात रुतवायची, बिसाकोडिलची आतड्याच्या भिंतीला टेकवायची. मळात रुतली तर तिचा उपयोग होत नाही. पोट टम्म फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, असं असेल तर यातलं काहीच करू नका, थेट डॉक्टर गाठा.

औषधवाला_राजारामपुरी
नणंदांना सांगा, दुखण्यासाठी ठरल्या मापात दिलेल्या मॉर्फिनचा "नाद" सहसा लागत नाही. शरीराला सवय होते, म्हणून एकदम बंद करायचं नाही, इतकंच. दुखायची वाट बघत बसलात तर गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तोवर दुखणं डोक्यावर बसतं. वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६. रात्री १० ला बरेच डॉक्टर दुप्पट देतात, म्हणजे २ वाजता कुणाला उठावं लागत नाही. मधेच कळ आली तर तेवढाच एक जादा डोस, तोही डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच. वहीत वेळ टाका. दिवसात तीनपेक्षा जास्त जादा डोस लागले तर रोजचं माप वाढवायची वेळ आली.

हाक मारूनही जागे होत नाहीत, श्वास खूप संथ, हातापायांना झटके, असं दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचं काम मंदावून लघवी कमी झाली की औषध शरीरात साचतं, ते बहुतेकदा असंच दिसतं. आणि पुढं चिठ्ठीत "एसआर" (हळूहळू औषध सोडणारी) लिहिलेली गोळी आली तर ती कधीच कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम उतरतं.

अजून एक. २०१४ ला अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळणं सोपं झालं, तरी ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलात मिळत नाही, बहुतेकदा मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच आणावी लागते. तुमचं गाव प्रयाग चिखली असेल तर पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकायच्या आधीच दोन आठवड्यांचा साठा मागून घ्या. ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीपुढं पाणी गेल्यावर कोण कुठनं येणार?

नळी_आणि_पेज
रस्सा नळीतून नको. गाळला तरी तीळ-खोबऱ्याचा चोथा आणि तूप नळीच्या आत चिकटतं. त्यापेक्षा चमचाभर रस्स्यात कापूस बुडवून जिभेवर टेकवा, चव तर कळेल. आधी तेवढी थुंकी गिळता येते का, हे नर्सला विचारा.

नळीतून मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची पेज द्या, ती साध्या पिठापेक्षा पातळ राहते. दुहेरी कापडातून गाळून एका वेळी २०० मिली, डोकं ३०-४५ अंश वर, नंतर तासभर तसंच. प्रत्येक वेळी आधी आणि शेवटी ३० मिली कोमट पाणी, गोळीनंतरही. तुंबली तर ५० मिलीच्या सिरिंजनं कोमट पाणी हळू आत-बाहेर करा, १५ मिनिटं थांबा. लहान सिरिंजचा दाब जास्त येतो, नळी फाटते. तार तर घालूच नका. नाकाजवळ नळीवर मार्करची खूण करा. ती सरकलेली दिसली किंवा ठसका लागला तर काही घालायचं नाही.

चिखलीची सून
खूण नव्हती, आता केली. सपोझिटरी मॉर्फिनच्या वेळेलाच द्यायची का?

सिस्टर_कागल
त्याचा संबंध नाही. सकाळी ६ ची गोळी आणि पेज झाली की अर्ध्या तासानं द्या, पोट तेव्हा आपसूक हलतं. खाली रबरी चादर आणि जुनं लुगडं अंथरा, डोकं वरच ठेवून डाव्या कुशीवर घ्या.