नारळ उभा राहतो, पण तो पाण्यामुळेच का?

काळं रान (धागा सुरू करणारा)

चुलत्यांनी गेल्या पंधरवड्यात तिसरं बोअर घेतलं. पाणाडी, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा, नवा होता. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ पूर्वेच्या बांधाजवळ गेल्यावर उठत उठत ताठ उभा राहिला, हे मी हातभर अंतरावरून पाहिलं. दोनशे फुटांच्या आत दीड इंची पाणी लागेल, असं त्याने सांगितलं. रात्री गाडी लागली. दोनशेला फुफाटा, तीनशेला फुफाटा. ४८० फुटांवर गाडीवाल्याने मशीन थांबवून विचारलं, "काका, अजून मारू का?" काका काही बोललेच नाहीत. या बोअरसाठी काकूच्या पाटल्या गहाण पडल्या आहेत.

मी शाळेत भूगोल शिकवतो, भूजलतज्ज्ञ नाही. पण या विषयावर बरीच वर्षं मिळेल ते वाचतो आहे. नारळ खरंच उभा राहतो. बहुतेक पाणाडी मुद्दाम फसवत नाहीत. तरीही नारळ उठण्याचा आणि खालच्या पाण्याचा संबंध नीट घेतलेल्या चाचणीत टिकलेला नाही, असं माझं म्हणणं आहे.

मग नारळ उठतो कशाने? विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच हे मांडलं होतं. मनात एखादी अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत बारीक हालचाल करतात. तळहातावरचा नारळ, उंबराचं बेचकं, दोऱ्याला टांगलेलं वजन, या सगळ्यांचा तोल इतका नाजूक असतो की ती बारीक हालचाल मोठी होऊन दिसते. पाणाड्याला हात हलल्याचं जाणवतच नाही. तो शपथेवर सांगेल, आणि ती शपथ खरीच असेल.

आता जमिनीकडे बघा. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बसाल्टचा, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा. 'जमिनीखाली नदी वाहते' हे चित्र इथे बसत नाही. वरच्या मुरमात आणि कुजलेल्या खडकात पाणी चादरीसारखं पसरलेलं असतं. त्याखाली काळा पाषाण. त्यात पाणी फक्त भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. वरची चादर ओली असेल तर कुठेही खणा, थोडंफार लागतंच, आणि नाव नारळाचं होतं. चादर आटली की ४८० फूट जाऊनही फुफाटा.

ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी जरूर लिहा.

---

माणदेशी

सर, काकांचं ऐकून वाईट वाटलं. पण एका पाणाड्याचा अंदाज चुकला म्हणून विद्याच खोटी कशी? डॉक्टर चुकला तर आपण वैद्यक खोटं म्हणतो का?

माझे सख्खे मामा चाळीस वर्षं पाणी बघतात. एक रुपया घेत नाहीत. नारळ आणि पानसुपारी, बस. पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेले. आमच्या भागात पाऊस किती पडतो तुम्हाला ठाऊक आहे, तरी दहातल्या आठ ठिकाणी पाणी लागलंय. उलट मशीनवाल्याने तारा टाकून, कागदावर रेघा काढून दाखवलेली आमच्या वस्तीवरची जागा ठणठणीत कोरडी निघाली. त्याची फी मात्र पुरी गेली.

आणि हे अडाण्यांचं काम म्हणत असाल, तर २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये काय झालं ते बघा. १२ पैकी १० पाणीपुरवठा कंपन्यांनी सांगितलं की आमची माणसं जमिनीतली गळती शोधायला तारेच्या काड्या वापरतात.

---

सदाशिव_पेठ

या लोकांशी वाद घालून वेळ का दवडता? पाणाडी म्हणजे ठक. एकविसाव्या शतकात नारळावर विश्वास ठेवणाऱ्याला काय समजावणार?

---

काळं रान

सदाशिव_पेठ, हे मला मान्य नाही, आणि अशा भाषेने आपलाच मुद्दा दुबळा होतो. कर्ज काढून बोअर घेणारा माणूस मूर्ख नसतो. जमिनीखालचं त्याला दिसत नाही, जवळ दुसरं साधन नाही, आणि गावातला ओळखीचा माणूस फुकट मदत करतो आहे. त्याच्या जागी मी असतो तर नारळच बघितला असता.

माणदेशी, मामा पैसे घेत नाहीत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न त्या दहातल्या आठचा आहे. आठ हा आकडा कशाच्या तुलनेत? त्याच शिवारात, त्याच वर्षी, नारळ न बघता दहा जागा खणल्या असत्या तर किती ठिकाणी पाणी लागलं असतं? सात लागलं असतं तर मामांच्या आठमध्ये नारळाचा वाटा फार थोडा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं म्हणणंही हेच आहे: पुष्कळ भागांत पाणी इतकं सर्वदूर असतं की बोअर मारून ते न लागणंच अवघड.

दुसरं, मामांनी सांगितलेली खोली आणि इंच बोअरच्या आधी कुणी वहीत लिहून ठेवले होते का? ९० फुटांवर सांगितलेलं पाणी २६० ला लागलं, तर चार वर्षांनी गावात काय सांगतात? "मामांनी दाखवलेल्या जागी पाणी लागलं." ९० कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ब्रिटनमधली बातमी खरी आहे. पण काड्या वापरल्या जातात एवढंच तिच्यातून कळतं. त्यांनी गळती सापडते का, हे तपासावंच लागतं.

---

उदकज्ञान

धागाकर्त्याने सोयीचं तेवढंच मांडलं आहे. दोन गोष्टी नोंदवतो.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत 'दकार्गल' या नावाने पूर्ण अध्याय पाणी शोधण्यावर लिहिला. कोणत्या झाडापासून किती हात, कोणत्या दिशेला, किती पुरुष (हात वर करून उभ्या माणसाएवढं माप) खोल, वारूळ असेल तर काय, मातीचा रंग काय, सगळं त्यात आहे. आपण विहिरीची खोली 'परस' या मापात मोजतो, ते त्याच 'पुरुषा'चं माप. दीड हजार वर्षांची परंपरा एका झटक्यात अंधश्रद्धा?

दुसरं, श्रीलंकेत जर्मन मदतीच्या प्रकल्पात श्रॉटर नावाच्या अभियंत्याने काड्यांनी जागा दाखवल्या. ६९१ बोअर, ९६ टक्के यशस्वी. एरवी तिथे ३० ते ५० टक्के यश अपेक्षित होतं. म्यूनिकच्या भौतिकशास्त्रज्ञांनीही प्रयोग करून काही थोड्या लोकांत ही शक्ती असल्याचा निष्कर्ष काढला. यावर बोला.

---

काळं रान

बोलतो. या दोन्हींचा उल्लेख आधी व्हायला हवा होता, तो राहिला ही माझी चूक.

वराहमिहिराबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तो ज्या गोष्टींसाठी आहे त्या नारळात नाहीत. उंबर, जांभूळ, अर्जुन यांच्या मुळाशी ओल असते, वाळवीला वारुळासाठी ओलावा लागतो. ही निसर्ग बघून काढलेली अनुमानं आहेत. ती तपासता येतात, काही खरी ठरतील, काही चुकीची. तळहातावरच्या वस्तूने पाणी ओळखायचं हा वेगळाच दावा आहे.

श्रीलंकेच्या आकड्यात अडचण तीच, तुलनेची. ३० ते ५० टक्के हा अंदाज होता. त्याच भागात दुसऱ्या पद्धतीने निवडलेल्या जागा खणून तो काढलेला नव्हता. शिवाय अनुभवी अभियंता उघड्या डोळ्यांनी रानात फिरत होता. उतार, झाडं, खडक सगळं त्याला दिसत होतं. यश काड्यांचं की डोळ्यांचं, हे वेगळं काढायची सोयच नव्हती.

म्यूनिकचा प्रयोग मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. १९८७-८८ मध्ये एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप दहा मीटर लांबीच्या रेषेवर मागेपुढे सरकवत होते, आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तो कुठे आहे ते सांगायचं होतं. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ जण, ८४३ चाचण्या. घेणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की बहुतेकांना जमत नाही, पण मोजक्यांना जमतं. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा मांडले. जे 'मोजके' होते त्यांना एका फेरीत जमलं, ते त्यांच्याच पुढच्या फेरीत जमलं नव्हतं. ४३ जणांनी शंभर शंभर वेळा नाणं उडवलं तर दोघातिघांचे छापे बरेच जास्त येणारच. त्यांच्या अंगी विद्या आहे का, हे त्यांनी पुन्हा नाणं उडवल्यावरच कळतं.

१९९० मध्ये जर्मनीतच कासेल इथे आणखी एक चाचणी झाली. ३० पाणाडी, जमिनीत अर्धा मीटर खोल पुरलेला पाइप, पाणी कधी चालू कधी बंद. चालू आहे की बंद एवढंच सांगायचं. चाचणी रास्त आहे हे पाणाड्यांनी आधी मान्य केलं होतं. निकाल नशिबावर सोडल्यासारखाच आला.

---

चार_खुंट्या

मी विद्युतरोधकतेचे सर्व्हे करतो, म्हणजे माणदेशींनी लिहिलेला 'मशीनवाला'. वस्तीवरची जागा कोरडी निघाली असेल यात मला नवल वाटत नाही. आमची पद्धत अशी: जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोनमध्ये विजेचा दाब मोजायचा. बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेल्या की खालचे खालचे थर कळतात. ओला मुरूम वीज सहज वाहू देतो, काळा पाषाण अडवतो.

आता यातली खोट. दोन लाव्हा थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो. तो चिकण असतो, वीज छान वाहून नेतो, पण विहिरीला पाणी सोडत नाही. यंत्रावर तो पाण्यासारखाच दिसतो. मीसुद्धा यात फसलो आहे. शेतकऱ्यासमोर उभं राहून ते कबूल करणं फार जड जातं. भेगेबद्दलही तेच. बोटभर रुंदीची भेग तीनशे फुटांवर असेल तर चार खुंट्यांना ती दिसत नाही. जो सर्व्हेवाला शंभर टक्के खात्री देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

फरक एवढाच की मी चुकलो तर का चुकलो ते शोधता येतं. शेजारच्या विहिरीत लाल पट्टा कुठे आहे ते आधी बघायचं, हे मी चुकूनच शिकलो. नारळ चुकला तर काय दुरुस्त करायचं?

---

मांजराकाठ

लातूरकडचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते आमच्यासाठी. त्या उन्हाळ्यात पाणाडीही फिरत होते आणि मशीनवालेही, आणि दोघांचीही बोअर कोरडी जात होती. खाली पाणीच नव्हतं तर सापडणार कुठून? हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणंच बंद केलं आणि पाऊस मोजून पिकं ठरवली. मला वाटतं जागा कुठली यापेक्षा मुरतं किती, हा वाद आधी व्हायला हवा.

---

माणदेशी

मांजराकाठ, पटलं. पण माझा मुद्दा अजून राहिलाय.

सर, तुमच्या जर्मन चाचण्यांत सगळीकडे पाइपच आहे. पाइपातलं पाणी मेलेलं असतं. जमिनीतलं जिवंत, दगडाला घासत वाहतं. मामांना जाणवतं ते त्या घासण्याचं. तळपायाला चटका बसतो म्हणतात. पाइपावर नारळ नाही उठला तर त्यात नवल काय? आणि माणूस दडपणाखाली असला, बघे जमले, की विद्या काम करत नाही हे आमच्यात सगळे सांगतात.

चार_खुंट्या, तुम्ही प्रामाणिक लिहिलंत. आमच्या मशीनवाल्याने असं सांगितलं असतं तर राग राहिला नसता.

---

काळं रान

पाइपाची शंका रास्त आहे. मग पाइप नकोच. मामांचंच रान, मामांचंच जिवंत पाणी.

मामांनी आधी उघड्या डोळ्यांनी रानभर फिरावं. नारळ उठेल तिथे तुम्ही खूण न करता फक्त पावलं मोजून वहीत लिहा. मग डोळे बांधून, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून सुरुवात करून, आठ-दहा वेळा त्यांना पुन्हा फिरवा. बाजूला चालणाऱ्या माणसालाही आधीच्या जागा माहीत नसाव्यात, नाहीतर तो नकळत थबकतो आणि ते कळतं. खालचं पाणी तर एका सकाळीत हलत नाही. नारळ त्यामुळे उठत असेल तर दर वेळी त्याच जागी उठायला हवा. बोअर मारायची गरज नाही, पैसाही लागत नाही. बघेही नकोत, घरचे चौघेच पुरे.

जागा जुळल्या तर मी इथे येऊन तसं लिहीन, आणि पुढची चाचणी बघायला स्वतः तुमच्याकडे येईन.

---

सड्यावरून

सिंधुदुर्गातून. आमच्याकडे जांभा आहे, पाणी वरून मुरतं आणि सड्याच्या, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळाच्या, कडेला झऱ्यांनी बाहेर येतं. तिथे बोअरपेक्षा कडेच्या ओलीवर नजर ठेवणारी म्हातारी माणसं जास्त अचूक सांगतात, तीही नारळाशिवाय. वहीत लिहायची कल्पना आवडली. आमच्याकडेही करून बघतो.

---

माणदेशी

काल रात्री मामांना धागा वाचून दाखवला. रागावतील असं वाटलं होतं. म्हातारा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "डोळं बांधून चालतो. पण त्या सरांना सांग, माझ्या रानात नको. चाळीस वर्षं अनवाणी चाललोय, कुठं ताल आहे, कुठं चोपण आहे, कुठं बाभळीची मुळी वर आलीय, सगळं पायाला ठाऊक आहे. मला जागा कळंलच." म्हणून मेव्हण्यांचं रान ठरवलंय, मामा तिथे कधी गेले नाहीत. गेल्या आठवड्यातच कुळवून सपाट केलंय. पावलं मोजायला माझी पुतणी, ती नववीत आहे, तिला नारळाचं काहीच माहीत नाही.

रविवारी उन्हं तापायच्या आत. दहा फेऱ्या. वहीचे फोटो टाकतो, जुळो न जुळो.