मदत हवी आहे: 'डॉ. होमी भाभा' गुलाब कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. आमच्या पुण्यातल्या गुलाब मंडळाचे तीन जुने सभासद दोन वर्षांत गेले. जानेवारीतल्या प्रदर्शनात हार घातलेले फोटो नकोत, ज्याचं त्याचं लाडकं फूल ठेवायचं ठरलंय. 'पीस' आणि 'ग्लॅडिएटर'ची सोय झाली. अडलंय ते काकांच्या 'डॉ. होमी भाभा'वर. भाभा १९६६ साली गेले. त्यांच्या नावाचा हा पांढरा गुलाब कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी काढलेला. काकांचं झाड खुंटाच्या (ज्या रानगुलाबावर कलम बांधलं होतं त्याच्या) रानफुटव्यांनी खाल्लं. कुंडीत पत्र्याची पाटी तेवढी उरलीय, त्यांच्याच तिरक्या अक्षरातली. आता डोळा भरून, म्हणजे नवं कलम करून, यंदा फूल मिळणार नाही. कुणाकडे जुनं झाड असेल तर नोव्हेंबरअखेर छाटाल का? छाटणीनंतर साधारण ४५-५० दिवस लागतात.

आणि प्रदर्शनातल्या पाटीवर काकांच्या नावाआधी 'कै.' लिहावं का? काकूंना ते आवडत नाही.