रिपोर्ट नॉर्मल, पण हाडांचं काय?

एक समज असा आहे की रक्ततपासणीत कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे हाडं मजबूत. हे खोडून काढायलाच हवं, कारण या समजापायी खरी तपासणी राहून जाते.

शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात अगदी थोडं. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, रक्त गोठणं हे सगळं त्या थोडक्यावर चालतं. म्हणून शरीर ती पातळी ढळू देत नाही. जराशी उतरली की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणलं जातं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येतो तो बऱ्याचदा हाडांच्याच जिवावर! आहारात वर्षानुवर्षं कॅल्शियम कमी पडलं तरी आकडा बरोबर दिसू शकतो, आणि मणके मात्र आतून विरळ होत जातात.

 

हाडांची घनता कळते ती डेक्सा स्कॅन या एक्स-रे तपासणीवर. घरातल्या पासष्टीपुढच्या बायकांची ती जरूर करून घ्या. खुबा मोडेपर्यंत थांबू नका.