मदत हवी आहे : ‘चार्ज’चं ओझं बैलाच्या पाठीवर कसं चढवू?

नमस्कार मंडळी,

भाचीने केलेल्या एका इंग्रजी कथेच्या भाषांतराचा कच्चा खर्डा तपासतेय. त्यात एक म्हातारी दाई ‘मुलांची काळजी घेतल्याच्या आरोपावरून’ त्या घरात राहत होती! मूळ वाक्यात ‘चार्ज्ड विथ’ होतं. पुढे खून आला असता तर आरोप चालला असता. इथे काळजी आलीय, म्हणजे मुलं तिच्यावर सोपवलेली. चूक दाखवली तर भाची माझ्यावरच उखडली. “मावशी, बॅटरी चार्ज होते, नवा साहेब चार्ज घेतो, दुकानदार जादा चार्ज करतो, वर बैलसुद्धा चार्ज करतो. पाठ तरी काय काय करू?”

मुद्दा तिचा बरोबर होता, म्हणून मुळाशी गेले. शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याआधी लॅटिन ‘कार्रिकारे’, म्हणजे गाडीत माल भरणे. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याचीच भावंडं. थोडक्यात, ओझं चढवणे. आणि मराठीही नेमकी त्याच वाटेने गेलेली दिसते : विद्युतभार, पदभार, अधिभार. ‘आरोप’सुद्धा मुळात ‘वर चढवणे’च, गुन्हा दुसऱ्याच्या माथी चढवायचा. इथवर भाचीला पटलं. डिस्चार्जही आपोआप सुटला, कारण रुग्ण असो, बॅटरी असो की आरोपी, ओझं उतरतं. (रुग्णाचा खिसाही हलका होतो, ते सोडा.)

गाडी अडलीय ती बैलापाशी. बैल मुसंडी मारतो, अंगावर धावून येतो, घोडदळ शत्रूवर तुटून पडतं. शब्द झकास आहेत, पण यांत भार कुठेच नाही. जवळचं सापडलं ते एवढंच की ठासणीच्या बंदुकीत भरलेल्या दारूलाही इंग्रजीत चार्ज म्हणतात, आणि आपण तिथे ‘बार भरला’ म्हणतो. फारसीत बार म्हणजे ओझं, बारदान त्यातलंच.

तर जाणकारांना दोन प्रश्न. ओझ्यावरून हल्ल्यापर्यंत अर्थ कसा सरकला, हे कुणी उलगडून सांगेल का? आणि घोडदळासाठी ‘तुटून पडलं’पेक्षा जास्त वेग आणि वजन असलेलं क्रियापद सुचतंय का? ‘हल्ला चढवला’ नको, ते बातमीतलं वाटतं.

रविवारी भाची पुढचं प्रकरण घेऊन येतेय. त्यात चार पानं नुसती लढाई आहे.